केरळ टूरवाल्यांनो, कोचीला दोन रात्री द्या

मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि बाकी सगळ्या गावांतून ‘केरळ ५ रात्री ६ दिवस’ नेणाऱ्या टूर कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि टूर लीडर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रकांमध्ये पहिल्या दिवसाच्या खाली जे एका ओळीत लिहिलेलं असतं ना, कोची एअरपोर्टवर आगमन, चायनीज फिशिंग नेट्स, सेंट फ्रान्सिस चर्च, ज्यू टाउन, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, हॉटेलवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून मुन्नारकडे प्रस्थान, त्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. मी कोचीला कोकण रेल्वेने जातो, स्लीपरने, फोर्ट कोचीत, म्हणजे समुद्राकडच्या जुन्या गावात, पंख्याच्या खोलीत राहतो आणि पायी फिरतो, मला ते गाव मनापासून आवडतं, आणि तिथे प्रत्येक वेळी तुमच्या बसमधून उतरलेली आपली माणसं भर दुपारी बघतो तेव्हा वाईट वाटतं. म्हणून लिहितोय. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाहीये कारण हे जवळपास सगळेच करतायत.

आधी हवेचं बोलू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे विदर्भातला माणूस ४४ डिग्री बघून आलेला असतो, तो मोबाइलवर कोची ३२ बघतो आणि म्हणतो चला, गारच आहे की. पण ते ३२ वेगळं असतं. हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, नुसत्या धारा लागतात, शर्ट पाठीला चिकटतो तो रात्री आंघोळ करेपर्यंत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला हे थोडंफार माहीत असतं, पण देशावरच्या साठी-पासष्टीच्या माणसाला नसतं, आणि तुमच्या बसमध्ये निम्मी माणसं त्याच वयाची असतात. विमान सकाळी उतरतं, एअरपोर्ट नेडुंबसेरीला, म्हणजे फोर्ट कोचीपासून तीस-पस्तीस किलोमीटरच्याही पलीकडे, मध्ये ट्रॅफिक, मध्ये जेवण, आणि बरोबर दीड-दोनच्या सुमाराला बस फोर्ट कोचीत पोचते. एसी बसमधून थेट त्या वाफेत. गावातला माणूस त्या वेळी घरात पंख्याखाली असतो, अर्धी दुकानंसुद्धा पेंगत असतात, आणि आपली मंडळी टोप्या घालून झेंड्याच्या मागे चालतायत.

हे लोक हवेशी कसं जुळवून घेतात ते खरं म्हणजे तुम्ही दाखवायला पाहिजे. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गेलात की वर बघा, बाकांच्या वर कापडाचे लांबलचक पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, बाहेर बसलेला माणूस ती दोरी ओढायचा आणि आत प्रार्थनेला बसलेल्यांना वारा लागायचा. आत वारा घेणारे कोण आणि बाहेर उन्हात दोरी ओढणारा कोण, त्या एका दोरीत सगळं दिसतं. टूर लीडर सांगतो वास्को द गामाला इथे पुरलं होतं, १५२४ मध्ये वारला, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, फोटो काढा, चला. बरोबरच आहे ते, पण तेच चर्च आधी पोर्तुगीजांचं, १६६३ नंतर डचांचं, मग १७९५ पासून इंग्रजांचं, एकाच छपराखाली तीन राज्यं गेली, हे शांतपणे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं तुमच्या वेळापत्रकात नसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोचीला दोन रात्री द्या आणि माणसांना सकाळी आणि संध्याकाळी चालू द्या. दुपारी झोपू द्या.

सकाळी साडेसहाला फोर्ट कोचीत बाहेर पडलं की गाव वेगळंच असतं. परेड ग्राउंडवर पोरं फुटबॉल किंवा क्रिकेट खेळत असतात, रस्त्यावर ते अवाढव्य रेन ट्री, त्यांच्या फांद्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आणि त्यांवर शेवाळ नि नेचे वाढलेले, कारण हवाच तशी, भिंत असो झाड असो कशावरही काहीतरी हिरवं उगवतंच. पाण्याकडे गेलं की ती जाळी. चीनवला म्हणतात तिकडे. कुणी सांगतं चिनी व्यापाऱ्यांनी आणली, कुणी सांगतं पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली, ते असो, पण चालतात कशी ते बघण्यासारखं आहे. एका बाजूला भलंमोठं जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड, चार-सहा माणसं मिळून वजनाचा तोल सांभाळत ते पाण्यात सोडतात आणि थोड्या वेळाने वर घेतात. भरतीची वेळ असेल तर खरं काम चाललेलं दिसतं. तुमची बस येते तेव्हा बऱ्याचदा काम थांबलेलं असतं, मग तिथला एखादा माणूस पर्यटकांना दोर ओढायला देतो आणि त्याचे पैसे घेतो, आपले लोक वैतागतात, म्हणतात लुटतात इथे. अहो, ती जाळी सांभाळायला लाकूड लागतं, दोर लागतो, मासे पूर्वीसारखे मिळत नाहीत, जाळ्यांची संख्यासुद्धा कमी होत चाललीय. त्याला पन्नास-शंभर द्यायला हरकत नाही हे टूर लीडरने आधीच सांगून ठेवलं तर दोन्हीकडची माणसं खूष राहतील.

आता बसचं. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीच्या गल्ल्या त्या बसेससाठी नाहीतच, आणि एर्नाकुलमहून, म्हणजे कोचीच्या पलीकडच्या मुख्य शहरातून, पुलांवरून फिरून यायला जो वेळ जातो तो सगळा वाया, कारण या शहराचा खरा रस्ता पाणी आहे. एर्नाकुलमच्या मेन जेट्टीवरून सरकारी स्टेट वॉटर ट्रान्सपोर्टची बोट फोर्ट कोचीला जाते, तिकीट दहा रुपयांच्या आत, खिडकीला काच नाही, गार वारा, एका बाजूला बंदरातली जहाजं, दुसऱ्या बाजूला विलिंग्डन आयलंड, जे बंदर खोल करताना उपसलेल्या मातीतून तयार केलंय. ज्यांना एसीच पाहिजे त्यांच्यासाठी २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, विजेवर चालणाऱ्या स्वच्छ बोटी, बसून-उभी मिळून शंभरेक माणसं मावतात, हायकोर्ट जेट्टीवरून २०२४ पासून थेट फोर्ट कोचीला जाते, भाडं तसं थोडंच. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी परतीच्या बोटीला मोठी रांग लागते हे लक्षात ठेवा, सकाळी जा. आणि फोर्ट कोचीहून समोर वायपीनला जाणारी रो-रो बोट, तिच्यावर गाड्या, स्कूटरी, शाळेची पोरं, माशाच्या टोपल्या सगळं एकत्र चढतं, पलीकडे पोचायला काही मिनिटं, भाडं अगदी किरकोळ. त्या बोटीतून जाळ्यांची रांग जशी दिसते तशी किनाऱ्यावरून दिसत नाही. तुम्ही मरीन ड्राइव्हवरून प्रायव्हेट बोटीची जी ‘हार्बर क्रूझ’ विकता ना, माणशी काही शे रुपये घेऊन, मोठ्याने गाणी लावून, तिच्यापेक्षा ह्या तीन बोटी माणसाला शहर जास्त दाखवतात. बजेटवाला प्रवासी बजेटमुळेच ह्या बोटींत चढतो, पण पैसे असते तरी मी ह्याच घेतल्या असत्या.

मट्टनचेरीचं तर मला रागच येतो. तुम्ही बस ज्यू टाउनच्या पार्किंगला लावता, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, बघायला वीस मिनिटं, आणि मग ‘शॉपिंग’ला एक तास, ते पण ठरलेल्या दुकानात. ते ठरलेलं दुकान का ठरलेलं असतं हे गल्लीतला प्रत्येक माणूस सांगतो. तिथे मसाला महाग मिळतो, आणि तिथूनच चालत बाजार रोडला गेलं तर घाऊक मालाची गोदामं आहेत, मिरी, सुंठ, वेलची, तांदूळ, पोती हातगाडीवरून चाललेली, सुंठीचा वास नाकात बसतो तो बसतोच. फोर्ट कोचीकडून मट्टनचेरीपर्यंत हा रस्ता पाण्याच्या कडेकडेने येतो, रमतगमत पाऊण-एक तास लागतो, सकाळी नऊच्या आत निघालं तर सावलीही मिळते. कोची ज्याच्यासाठी जगाला माहीत झालं तो व्यापार अजून ह्या रस्त्यावर चालू आहे, थोडा का होईना.

आणि वार! कृपा करून वार बघा. सिनेगॉग शनिवारी बंद असतं, शुक्रवारी दुपारनंतरही, कारण त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. मट्टनचेरी पॅलेस शुक्रवारी बंद. हे काही गुपित नाही, वर्षानुवर्षं असंच आहे, तरी शुक्रवारी निघणाऱ्या बॅचा मी ह्या दोन्ही बंद दारांसमोर उभ्या बघितल्यात. १५६८ चं सिनेगॉग, जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरश्या, आणि ते ज्यांचं होतं ती बहुतेक सगळी कुटुंबं इस्रायलला निघून गेलेली. बाजूच्याच पॅलेसमध्ये राजाच्या झोपायच्या खोलीत भिंतभर रामायण रंगवलेलंय, आपल्या मंडळींना तर प्रत्येक प्रसंग ओळखता येतो, मी एकदा तिथे एका जळगावकडच्या आजोबांना नातवाला एकेक चित्र समजावून सांगताना ऐकलंय, माझ्यासारखे दोन-तीन अनोळखी लोकही मागे उभे राहून ऐकत होते. त्या आजोबांना खालून हाका सुरू झाल्या, बस निघतेय. अजून निम्मी भिंत बाकी होती.

तुमच्याबरोबर आलेल्या एका काकू मला चर्चच्या बाहेर झाडाखाली बसलेल्या भेटल्या होत्या. ग्रुप पुढे गेलेला, त्यांना चालवेना. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून केरळ करायचं हे त्यांनी कधीचं ठरवलेलं होतं. मला विचारलं, बाळा, हेच का कोची? इथे एवढंच आहे का? मी म्हटलं काकू नाही हो, खूप आहे. मग जवळच्या गाड्यावरून कुलुक्की सरबत आणून दिलं, लिंबू, सब्जा, हिरवी मिरची आणि बर्फ घालून दोन भांडी एकावर एक उपडी धरून जोरजोरात हलवतात ते, प्यायल्या आणि जरा हुशारल्या. तेवढ्यात लीडर त्यांना शोधत आला. बिचारा चांगला मुलगा होता, घामाने निथळत होता, त्याला पुढचं सगळं वेळेत करायचं होतं, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्याला जे वेळापत्रक हातात देतात त्यांना मी लिहितोय. त्या काकू परत कोचीला येणार नाहीत बहुतेक, त्यांच्यासाठी कोची म्हणजे ती दुपारच.

जेवणाचंही बोलतो. स्वतःचा आचारी घेऊन जाता, सकाळी पोहे, रात्री पिठलं-भाकरी, ते मी समजू शकतो, वयस्कर लोकांना पोट सांभाळावं लागतं. पण दोन दिवसांतलं एक जेवण तरी तिथलं द्या. ह्या हवेत तिथलं जेवण का तसं आहे ते खाल्ल्यावरच कळतं, जाड लाल भात, ताक, रसम, आणि जेवणाबरोबर येणारं ते गुलाबी कोमट पाणी, पदिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं, आपले लोक ते बघून घाबरतात आणि बिसलरी मागवतात. कुणीतरी एक वाक्य सांगितलं की उकळलेलं आहे, बिनधास्त प्या, तर काम होईल. शाकाहारी मंडळींसाठी अप्पम आणि व्हेज स्टू आहे, पुट्टू-कडला आहे, चहाबरोबर गरम पळम्पोरी, पिकल्या केळ्याची भजी. आणि मासे-मटण खाणाऱ्याला तुम्ही कोचीत नेऊन पनीर खायला घालता, मट्टनचेरीची बिर्याणी चार गल्ल्यांवर असताना, हे काही बरोबर नाही.

बिसलरीवरून आठवलं, त्या पाव लिटरच्या बाटल्या वाटणं बंद करा. मार्च २०२३ मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली होती, कितीतरी दिवस शहर धुरात होतं, लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होते. त्या शहरात आपण एका दुपारी एका बसमागे शे-दीडशे बाटल्या टाकून येतो. वीस लिटरचा जार बसमध्ये ठेवा, बाटल्या घरून आणायला सांगा.

आता एक गोष्ट जी मराठी माणसाला खास दाखवावी असं मला फार वाटतं आणि जी मी एकाही पत्रकात बघितली नाही. मट्टनचेरीच्या चेरलाई भागात कोकणी बोलणाऱ्यांची वस्ती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या त्रासामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत मंडळी समुद्रकाठाने खाली येत इथे स्थिरावली, त्यांचं तिरुमला देवस्वम हे मोठं देऊळ तिथे आहे, आजूबाजूच्या दुकानांत, घरांच्या ओट्यांवर कोकणी कानावर पडते, मल्याळमच्या समुद्रात एकदम ओळखीचे शब्द ऐकून मी तर रस्त्यातच थांबलो होतो. ह्यांच्याच पूर्वजांपैकी तीन वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट, यांनी डच गव्हर्नर व्हॅन रीडला मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ करायला मदत केली, मल्याळी वैद्य इट्टी अच्युदनही त्यात होते, तो ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाने १६७८ पासून ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. पहिल्या खंडात ह्या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलंय. १६७८! शिवाजी महाराज तेव्हा हयात होते. आपली अक्षरं युरोपात छापली गेल्याच्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी हे एक, आणि त्याची मुळं ज्या गल्ल्यांत आहेत तिथून तुमची बस सरळ निघून जाते. तिथेच पुढे गुजराती रोड आहे, जैन देरासर आहे, पलीकडे वेलीला धोबीखाना आहे, तिथल्या धोबी कुटुंबांचे पूर्वज डचांच्या काळात सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ मुलुखातून आले असं ते स्वतः सांगतात, सिमेंटची कप्प्याकप्प्यांची टाकी, हातानेच धुणं, पीळ दिलेल्या काथ्याच्या दोरीत कपड्याचं टोक अडकवतात, चिमटा लागत नाही. ज्या हवेत माझा टॉवेल दोन दिवस ओला राहतो तिथे ती माणसं आभाळाकडे बघत, पाऊस आला की पळत, रोज गावाचे कपडे वाळवून देतायत.

एर्नाकुलमला मला आपला एक गलाईवाला भेटला होता, विट्याकडचा. खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेलीत, केरळातही आहेत. तो म्हणाला गावाकडचे लोक टूरबरोबर येतात, फोन करतात, आलोय म्हणून, पण भेटता येत नाही, कारण त्यांना मोकळा वेळच नसतो, संध्याकाळी सातला बस हॉटेलला लावतात, हॉटेल लांब हायवेला, आणि सकाळी सातला मुन्नार. त्याची आत्या अशीच येऊन गेली म्हणे, भेट नाही.

तुम्ही म्हणाल कोचीची एक रात्र वाढवली की पॅकेज महाग होतं. एक रात्र मुन्नारची किंवा थेक्कडीची कमी करा, घाटात बसून माणसं ओकतात त्यातला एक प्रवास वाचेल. हॉटेलचं म्हणाल तर फोर्ट कोचीत घरोघरी होमस्टे आहेत, सीझन सोडला तर हजार-बाराशेत दोघांची स्वच्छ खोली मिळते, मच्छर आहेत, खूप आहेत, पण मच्छरदाणी मागितली की देतात, घरातली बाई सकाळी अप्पम करून देते आणि आज कुठे जाताय ते विचारून चार गोष्टी सांगते. पैसे त्या घरात राहतात. तीस-चाळीस माणसं एका ठिकाणी मावणार नाहीत हे मला कळतं, पण पाच-सहा घरांत विभागून ठेवता येतील, लग्नाला आलेली वऱ्हाडं आपण ठेवतोच की. निदान दहा-बारा जणांची एक छोटी बॅच करून बघा, रेल्वेने नेलीत तर आणखी स्वस्त, नेत्रावती आहे, मंगला आहे, स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत बसतं आणि कोकणापासून पुढची सगळी किनारपट्टी खिडकीतून बघायला मिळते. पावसाळ्यात मात्र गाड्यांचं टाइमटेबल वेगळं असतं, ते बघून घ्या. पावसातली कोची मला तर आवडते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, पण वयस्कर लोकांना तेव्हा नेऊ नका, डिसेंबर-जानेवारीच बरा. ३१ डिसेंबरची रात्र तेवढी टाळा, पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात ते बघायला एवढी गर्दी होते की म्हाताऱ्या माणसाला ते झेपायचं नाही. बिनालेचं, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं, वर्ष असेल तर त्यासाठी अर्धा दिवस ठेवा, ‘आपल्याला चित्रातलं काय कळतं’ म्हणणारेच तिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात, मी बघितलंय.

पुढच्या सीझनची पत्रकं छापायला जायच्या आत हे सगळं एकदम जमणार नाही हे मलाही माहितीये. पण शुक्रवार-शनिवारी कोची धरलेल्या ज्या तारखा आहेत त्या एक दिवस पुढे-मागे करणं आणि दुपारी दोनची चक्कर संध्याकाळी साडेचारवर नेणं, ह्याला एक रुपया लागत नाही. तेवढं तरी ह्या वर्षी करा. आणि ज्या कंपनीला छोटी बॅच करून बघायची असेल तिने कळवावं, गल्ल्या, बोटी, वेळा सगळं मी लिहून देतो, पैसे नकोत.

आपला,
कोकण रेल्वेने कोचीला जाणारा एक प्रवासी